तणसीवर घातलेला थर

गजा, काल तुझ्या रस्त्याला भोकं पाडली.

तू असतास तर मशीनवाल्याच्या आधी तिथे जाऊन उभा राहिला असतास आणि "पाणी सोड पहिले, पाणी! कोरडी कायले घुमवून राहिला?" म्हणून त्याचं डोकं खाल्लं असतंस. काल त्याला कोणी काही बोललं नाही. तो बिचारा आपल्या मनाने पाणी सोडत होता, आपल्या मनाने थांबत होता. मी बाभळीच्या सावलीत उभा होतो. आता कुठून तरी तुझी शिवी येईल असं सारखं वाटत होतं.

तुझ्या तेरवीला सगळे बोलले. सरपंच बोलले, तुझे मामा बोलले. ज्या ठेकेदाराकडे आपण दोघं इतकी वर्षं राबलो तोही बोलला, आणि तुझ्याबद्दल बोलता बोलता स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागला. मग लोक मला म्हणाले, "तुमी तं जिगरी दोस्त, दोन शब्द बोला." मी हात जोडले. दोन शब्द कुठून आणू? आपण कधी दोन शब्दांत थांबलो का? आज लिहायला बसलोय, कारण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. आणि थकलोय बे. झोपून जाणारा थकवा नाही हा. सकाळी उठतो तोच दमलेला उठतो.

लिहायला बसलो की माझी भाषा शाळेतल्या निबंधासारखी होते, हे तुला माहीतच आहे. "काय बे क्वार्टरवाल्या, बोलतं आमच्यावानी अन् लिहितं पुण्यावानी," असं तू म्हणायचास. बाबा फॅक्टरीत, मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, म्हणून मी क्वार्टरवाला. तू दिघोरीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला, म्हणून तू स्वतःला अस्सल समजायचास. भंडाऱ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये आपण एका बाकावर बसलो ते केवळ दुसरी जागा रिकामी नव्हती म्हणून. तुझ्या पायांना चिखल होता आणि मला ते आवडलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

ती कढई आठवते? कुठल्याशा उखडलेल्या रस्त्यातून तू डांबराचं एक ढेकूळ उचलून आणलंस आणि म्हणालास, हे वितळवून दाखव, मग तू खरा इंजिनीयर. आपण मेसच्या पोह्याच्या कढईत ते टाकून स्टोव्हवर ठेवलं. वितळतंय कसलं! नुसता धूर. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, मेलंय हे, याच्यात काही उरलं नाही. तू काही न बोलता खोलीत गेलास आणि तुझ्या आईने भाजीसाठी दिलेली जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आलास. थोडंसं ओतलंस. ढवळलंस. परत थोडं. आणि ते ढेकूळ हळूहळू सुटलं, एकेक खडा मोकळा झाला, पुन्हा काळा, चमकदार. "मेलं नोहोतं बे," तू म्हणालास, "तहानलं होतं." त्यानंतर मेसच्या बाईने आपल्याला झारा घेऊन जे पळवलं, ते सगळ्या हॉस्टेलने पाहिलं. पण माझा धंदा त्या कढईत ठरला. माझ्या घरच्यांना वाटतं मी अभ्यास करून इथवर आलो.

पुढे आपण दोघंही त्याच कामाला लागलो. मी प्लांटवर, तू साइटवर. जुना रस्ता मशीनने खरवडायचा, तो खरवडलेला माल प्लांटवर आणायचा, त्यात नवी गिट्टी, नवं डांबर आणि मी ठरवलेलं तेल घालून गरम करायचा, आणि परत त्याच रस्त्यावर अंथरायचा. ऐकायला सोपं आहे. जुनं डांबर ऊन खाऊन खाऊन कडक झालेलं असतं, ते नव्याला आपलं म्हणत नाही. तेल कमी पडलं तर रस्ता भुगा होतो, जास्त पडलं तर उन्हाळ्यात ट्रकच्या चाकाखाली लोण्यासारखा दबतो. आणि हे सगळं जमलं तरी खालचा थर आणि वरचा थर एकमेकांना धरले पाहिजेत, नाहीतर वरचा थर पापडासारखा सुटून येतो. लोकांना वाटतं रस्ता खड्ड्याने खराब होतो. पण आधी कुठेतरी एकाने दुसऱ्याला सोडलेलं असतं, खड्डा त्यानंतर पडतो.

आपलं भांडण काय होतं, ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते संपलेलं नाही. मी म्हणायचो, सगळा खेळ तेलाचा आणि तापमानाचा आहे. तू म्हणायचास, खेळ वेळेचा आहे. तेल टाकलं की जुन्या मालाला झाकून पडू दे, मुरू दे, लगेच भाजायला नको घेऊ. "लोणचं टाकल्या टाकल्या खाते काय कोणी?" मी म्हणायचो, लोणच्याला प्लांटचं भाडं नसतं. तू म्हणायचास, म्हणूनच लोणचं टिकते अन् तुये रस्ते टिकत नाही. हा वाद प्लांटवर झाला, चहाच्या टपरीवर झाला, तुझ्या लग्नात अक्षता हातात असताना झाला. गेल्या दिवाळीत मी गुपचूप एक घाणा मुरवून पाहिला. बरा आला. थोडा बरा. तुला सांगितलं नाही, कारण तू गावभर केलं असतंस. घे, हेही सांगितलं.

तुझं वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. मला नागपूरला एका मोठ्या कंपनीत नोकरी मिळत होती, मी जाणारच होतो. तू "नको जाऊ" म्हणाला नाहीस. श्रावणात एका संध्याकाळी गाडीवर बसवून तू मला तुझ्या गावी नेलंस आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलंस. रस्त्यावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या घरांत शिरत होतं. तुझी माय दारात वाकून भाताच्या गंजाने पाणी उपसत होती, आणि मला पाहून ओशाळून "या, या" म्हणाली. तू म्हणालास, "माह्या आज्याच्या वेळेस रस्ता आंगनाच्या खाली होता. आता आंगन रस्त्याच्या खाली हाये. दर खेपेस साहेब येते, जुन्यावर नवा थर देते अन् जाते. रस्ता वर चढते, आमी बुडतो. खरवडून तिथंच घातलं तं रस्ता जाग्यावर राहीन का नाई?" मी म्हटलं, राहील. "मंग नागपुरात काय ठेवलं हाये?"

मी गेलो नाही. बायको अजून नागपूरचं नाव काढते. पण तुझ्यामुळे मी एका अशा कामात राहिलो ज्याचा उपयोग मला दारात उभं राहून दिसला, आणि हे भाग्य आपल्या धंद्यात कितीजणांना मिळतं? हे मी तुला म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. आपल्यात तसं कोण बोलतं? मी फार तर चहाचे पैसे द्यायचो.

तुझ्या गावच्या रस्त्याचा नंबर लागायला वर्षं गेली. बांधकाम खात्याच्या साहेबांच्या मागे तू असा लागलास की त्यांनी शेवटी कंटाळून हो म्हटलं. अट घातली: आधी गावालगतचा एक तुकडा जुन्या मालाने करा, मी भोकं पाडून, आतलं कांडं कापून बघेन, थरांनी एकमेकांना धरलं असेल तर पूर्ण रस्ता तसाच करू. नसेल तर नेहमीप्रमाणे वरून नवा थर. म्हणजे गल्ली अजून खाली. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी दुसरीकडे असले रस्ते फसलेले पाहिले होते, एवढंच.

त्या तुकड्यात तू जीव ओतलास. खरवडलेली जागा झाडून घेतलीस, हवा मारून घेतलीस, आणि मग चिकट डांबराचा तो पातळ हात, ज्याला आपण टॅक म्हणतो, तो मारलास. टॅकवर धूळ बसली की संपलं. टॅकच्या बाबतीत तुझं डोकं कसं फिरायचं ते मजुरांना विचारावं. खांद्यावरचा दुपट्टा फिरवत तू कुत्री हाकलायचास, सायकली अडवायचास. एकदा खुद्द ठेकेदार फोनवर बोलत टॅकवर चढला तर तू सगळ्यांसमोर ओरडलास, "ओ शेठ, घरात चुलीवर चढता काय चप्पल घालून?" असा तू.

आणि त्या दिवशी मी प्लांटवरून फोन केला, माल भरून गाड्या निघाल्या म्हणून सांगायला. तू म्हणालास, "थांब जरा. मयत येऊन राहिली."

तुझ्या गावच्या देवाजीची माय वारली होती. गावातली सगळ्यात म्हातारी. तिला नदीकडे न्यायची वाट तुझा रस्ता ओलांडून वळणावरून जाते, आणि वळणावर नुकताच टॅक मारलेला. ऊन असं की पाय ठेवला तर कातडी चिकटून येईल. पुढे देवाजी विस्तवाचं मडकं घेऊन, अनवाणी. मागे तिरडी. मी फोनवर ओरडलो, "थांबव त्यांना थोडा वेळ! नाहीतर शेताच्या धुऱ्यावरून जाऊ दे!" तू म्हणालास, "अबे, मयत हाये. मयतीले काय म्हणू, डांबर वाळू द्या, मंग जाळा? अन् धुऱ्यावरून तिरडी नेते काय कोणी? चौघं जण चालतीन कसे? मांगं बी फिरवता येत नाई." मग नुसता गलका ऐकू आला.

तू शेजारच्या वाडीतल्या ढिगातून तणीस ओढलीस आणि स्वतःच्या हाताने टॅकवर अंथरलीस. मळून उरलेल्या धानाच्या काड्यांची कोरडी तणीस, गुडघाभर. मयत गेली. कोणाचा पाय भाजला नाही. मग तुम्ही तणीस उचलली, झाडली, पण टॅकने जी धरली ती धरलीच. बारीक काड्या, भुसा, धूळ. तेवढा भाग पुन्हा खरवडून पुन्हा टॅक मारायला हवा होता, हे तुझ्याइतकं कोणाला कळत होतं? पण टॅकची गाडी रिकामी होऊन परतली होती, माझ्या गाड्या येऊन उभ्या होत्या, त्यातला माल थंड होत होता, आणि गाव स्मशानातून परत येणार होतं. तू म्हणालास, "टाका." आणि तणसीवर थर घातलास.

संध्याकाळी टपरीवर मी तुला सोडलं नाही. म्हटलं, गाढवा, ते वळण आहे. तिथे चाक वळतं, तिथेच थर ओढला जातो. साहेब नेमकं तिथेच कापतील. तू बशीत चहा ओतून फुंकत बसलास. म्हणालास, "करतो न बे. एवढा तुकडा मी हळूच खरवडून देतो. आता साहेबाले सांगतलं तं ते म्हणतीन, पहा, सुरुवातीलेच बोंब. लग्नसराई जाऊ दे, मंग करतो." मी म्हटलं, सांगून टाक. तू म्हणालास, "सांगीन. खरवडताना सांगीन." मी म्हटलं, तुझ्या त्या दुपट्ट्याची शपथ घे. तू दुपट्ट्याने तोंड पुसलंस आणि हसलास.

लग्नसराई गेली नाही. तू गेलास. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. शेवटचा फोन ताडपत्रीबद्दल होता. मी म्हटलं होतं, गाडी रिकामी होईपर्यंत ती काढू देऊ नको, माल थंड येतो म्हणून मला बोलू नको. तू म्हणालास, "ठेव बे, जेवून राहिलो." हे आपलं शेवटचं बोलणं. लोक सांगतात, जाणाऱ्याला काहीतरी कळतं, तो काहीतरी बोलून जातो. तू भात कालवत होतास.

तर काल. साहेब आले, मशीन आली, गाव गोळा झालं. पहिलं भोक गावाच्या या टोकाला. गोल कांडं बाहेर आलं, वरपासून खालपर्यंत अखंड. साहेबांनी ते हातात फिरवलं, नखाने खरवडलं, बाजूला ठेवलं. दुसरंही अखंड. मला वाटलं, जमलं, आणि तेवढ्यात साहेब चालत चालत वळणावर गेले आणि बुटाची टाच आपटून म्हणाले, "इथे लाव."

कांडं वर आलं आणि मशीनवाल्याच्या हातातच त्याचे दोन तुकडे झाले. ओढावंसुद्धा लागलं नाही. डब्याचं झाकण निघावं तसा वरचा थर निघून आला.

साहेब म्हणाले, "हेच. मी तेव्हाच म्हटलं होतं. जुना माल आहे, धरत नाही. आज नाही सुटला तर उद्या सुटेल. माझी काही दुश्मनी नाही तुमच्याशी, पण पूर्ण रस्ता मी याच्यावर कसा सोडू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

मी तो तुकडा घेतला. खालच्या अंगाला, जिथे थर सुटला तिथे, पिवळट काड्या दाबून बसलेल्या. मी साहेबांसमोर धरला. म्हटलं, "साहेब, माल नाही सुटला. मधे तणीस आहे. बघा. जिथे तणीस नाही तिथे दोन्ही कांडी अखंड आली."

"तणीस कुठून आली?"

सगळ्यांना माहीत होतं, गजा. ज्यांनी खांदा दिला होता ते सगळे तिथे होते. कोणी माझ्याकडे पाहिना. मग देवाजीच पुढे झाला. डोक्यावर अजून नीट केस आलेले नाहीत. म्हणाला, "साहेब, वाऱ्यानं उडून आली असन. इकडं तणसीचे ढीग हाये न. धानाचा मुलूख हाये, उडतच राह्यते." मागून दोघा-तिघांनी "हाव, हाव, वाराच होता त्या दिवशी" म्हटलं. तुझ्यासाठी सगळं गाव खोटं बोलायला तयार होतं. तुला बघायला हवं होतं ते. 

साहेबांनी मान हलवली. "वाऱ्याने आली म्हणता? मग ती एका वळणावर थोडीच थांबेल? सगळ्या रस्त्याखाली कुठे कुठे असेल, मी कसं समजू? मग तर हा पूर्ण तुकडाच गेला."

बघ, माझी काय गोची झाली. गाव तुला वाचवत होतं आणि त्याच तोंडाने तुझा रस्ता बुडवत होतं. तणीस नेमकी किती जागेत आहे हे सांगायचं तर ती कोणी टाकली आणि का टाकली, हे सांगावं लागणार होतं. माझ्यावर घेऊ म्हटलं तर साहेबांना माहीत होतं की मी प्लांटवरून हलत नाही, साइट तुझी. मजुरांवर ढकलणं मला जमलं नसतं, आणि तू मला स्वप्नात येऊन चपलेने मारलं असतंस. उरलास तू. तुझी राखसुद्धा थंड झाली नाही अजून, आणि तुझ्यावर बोट दाखवायचं.

मी म्हटलं, "गजाननने टाकली. मयत न्यायची होती. या कडेपासून त्या दगडापर्यंत, तेवढ्यातच. नंतर तिथे पुन्हा टॅक मारायला हवा होता, तो त्याने मारला नाही. चूक त्याची आहे."

देवाजी माझ्या अंगावर आला. "मेलेल्या माणसावर ढकलून राहिले तुमी? माह्या मायसाठी केलं त्यानं! त्याचं अन्न खाल्लं तुमी!" खाल्लंच होतं. कोणीतरी त्याला धरून मागे नेलं. साहेबांनी त्या काड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या दगडाच्या पलीकडे लाव."

मशीन सुरू झाली. ती जेवढा वेळ चालली तेवढा वेळ मी, खरं सांगतो, देवाचं नाव घेतलं नाही. तुलाच म्हणत होतो, हरामखोरा, निदान दगडाच्या पलीकडे तरी नीट झाडलं असशील ना. झाडलं होतंस. कांडं अखंड आलं. साहेबांनी ते जमिनीवर आपटलं, तरी सुटलं नाही. अजून एक काढलं, वळणाच्या दुसऱ्या अंगाला. तेही अखंड.

साहेब म्हणाले, वळणाचा तुकडा खरवडून पुन्हा घाला, बाकी रस्ता याच पद्धतीने करा. मग वही उघडून त्यांनी विचारलं, "कारण लिहावं लागेल. नाव लिहू का?" त्यांनी विचारलं हा त्यांचा चांगुलपणा. मला 'नको' म्हणता आलं असतं. पण नाव नसलं तर उद्या दुसरा साहेब येईल, म्हणेल जुना माल होता म्हणून सुटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "लिहा."

गाव पांगलं. माझ्याशी कोणी बोललं नाही. उन्हात उभं राहून पाय भरून आले होते. तसाच तुझ्या घरी गेलो, कारण गावातून बातमी पोचायच्या आधी वहिनींना मीच सांगायला हवं होतं. तरी बातमी माझ्या आधी पोचली होती. तुझी माय आत पडून होती. वहिनी सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, निवडत नव्हत्या. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं, जसं झालं तसं, तुझ्या नावासकट. 

वहिनी म्हणाल्या, "लोक नावं ठेवतीन आता त्यायले."

मी म्हटलं, "हो वहिनी. थोडे दिवस."

"मले माहीत होतं ते तणसीचं. त्या दिवशी घरी आले तं जेवले नाई धड. म्हणे, देवाजीच्या मायले वाट देली, पन रस्त्याचं वाटोळं केलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "भाऊजी, एक सांगा. ते असते तं त्यायनं सांगतलं असतं साहेबाले?"

आता तुला काय सांगू. तू टाळत होतास, हे मला माहीत होतं. लग्नसराई, मग हे, मग ते. पण त्या वळणावर, ते तुटलेलं कांडं समोर असताना, सगळं गाव तुझ्यासाठी वाऱ्याला दोष देत असताना, तू काय केलं असतंस? मी तुला इतकी वर्षं ओळखतो. देवाजीचं वाक्य संपायच्या आधी तू "अबे चूप, कायचा वारा, मीच टाकली" म्हणून ओरडला असतास.

मी म्हटलं, "सांगितलं असतं. सगळ्यांच्या आधी."

"मंग तुमी बरोबरच केलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग तुमी काहून रडून राहिले?"

मी म्हटलं, "वहिनी, सांगायला तो पाहिजे होता."